कलमाच्या खाली

मुंबईत पाणी गोठत नाही, मलाही माहीत आहे.
जानेवारीत फार तर बाटलीतलं खोबरेल,
आणि वेसाव्याला खाडीचा वारा सुटला तर
दोन दिवस कानाला फडकं.
पण आमच्या मागीलदारी बर्फाच्या कारखान्याची भिंत
एका शुक्रवारी रात्री आडवी झाली
आणि लाद्या लिंबावर येऊन पडल्या.
मी मोजल्या, सव्वीस.
शनिवारी पंचनामा. रविवारी मालक लग्नाला.
झाड दोन रात्री बर्फात, पापलेटासारखं.

सोमवारी बघते तर पानं उकडलेली.
थंडीनं उकडतं, हे तोवर ठाऊक नव्हतं.
इतकी वर्षं मासळी बर्फात घालते,
जिवंत काही कधी घातलं नव्हतं.

मोरेश्वर म्हणाला, गेलं.
आणि लगेच पावलांनी जागा मोजली:
स्कूटर बसते, वर हेल्मेटला खिळा.
काजेतानची बायको म्हणाली, मुळाशी गरम पाणी ओत.
जाऊ म्हणाली, शेंडे छाट, खत घाल,
आजारातून उठलेल्या पोराला सूप पाजतो तसं.
कोयता घेऊन मीच निघाले होते.

तेवढ्यात कंप्रेसरवरचा ढोमणे
पडक्या भिंतीतून अलीकडे आला.
मोर्शीचा. घरी संत्र्याची दोनशे झाडं होती,
आता नाहीत; किती होती ते दरवेळी सांगतो.
"घाई नोका करू, बाई.
कुठवर मेलं, ते झाडालेच अजून ठाव नाही.
आज कापसान तर जितं बी कापसान."
अंगठ्याच्या नखानं त्यानं साल खरवडली.
वरची फांदी तपकिरी.
खालची तपकिरी. तिच्या खालची, तीही.
पार खोडाशी हिरवं,
साबणाच्या शेवटच्या चिपेएवढं.

मग काही न करणं सुरू झालं.
ते फार अवघड असतं हो.
खत नाही, कात्री नाही, पाणी बेतानं
(पानंच नाहीत तर पिणार कोण, म्हणाला),
उघड्या खोडाला ऊन लागू नये म्हणून चुना.
येणारेजाणारे विचारत, हे कशाला ठेवलंय?
मी बोंलाची दोरी एका टोकानं त्याला बांधली,
म्हणजे उत्तर द्यायला नको.
होळीला पोरं लाकडं मागत आली,
मी खोटंच म्हणाले, त्यात मधमाश्या आहेत.

चैत्रात फुटलं.
मातीपासून वीतभर, तीन कोंब,
सरळ, माजलेले, दाभणासारखे काटे.
मी साखर वाटली. खरंच वाटली.
ढोमण्यानं पान चुरगळून हुंगलं, मग माझ्या नाकाला लावलं.
"हे तुमचं लिंबू नोहे. हे जंभेरी. खुंट.
कलम वर बांधलं व्हतं. हे त्याच्या खालचं."

बारा वर्षं मी लिंबं तोडली,
सुकटीवर पिळली,
नव्या होडीच्या नाळेला बांधली,
आणि खाली दुसरंच कोणी
नाव न सांगता पाणी भरत होतं.

"कापा," म्हणाला. "नाई तं वरचं येनार नाई."
वरचं येणार आहे का?
तो फांद्यांकडे बघत राहिला,
महिनाअखेरीला पाकिटात बघावं तसा.

वैशाखात एका सकाळी दोरी सोडताना,
सांध्याच्या वर चार बोटं,
जवळ्याच्या डोळ्याएवढं काहीतरी.
चष्मा आणला. परत बघितलं.
मोरेश्वरला दाखवलं.
त्याला दिसलं नाही, पण दिसलं म्हणाला.

मी तीनपैकी दोन कोंब कापले.
तिसरा ठेवला.
"वरच्याचं खाईल तो," ढोमणे म्हणाला.
खाऊ दे. एवढा पावसाळा.
एवढे दिवस मुळं त्यानंच जागवली ना.

भिंत अजून बांधलेली नाही.
स्कूटर गल्लीतच, ताडपत्री पांघरून.
हेल्मेट मात्र
मागीलदारी, नव्या खिळ्याला.